मुळाला मूळ नव्हतं

टायरच्या दुकानावर एक लांबट हॉल आहे. त्या रविवारी सकाळी नऊ वाजता तिथे पाय ठेवायला जागा नव्हती. प्लास्टिकच्या साठ खुर्च्यांवर साठ माणसं होती आणि भिंतीला टेकून जवळपास तेवढीच उभी होती. प्रत्येकाच्या हातात नंबर लिहिलेला पुठ्ठ्याचा तुकडा होता. खालून हवा भरायच्या यंत्राची धडधड ऐकू येत होती. वर मात्र कुणी खोकतसुद्धा नव्हतं, कारण समोर मूळबाबा एका म्हातारीच्या कानामागून रोगाचं मूळ काढत होते.

कृती अशी. रोगी स्टुलावर बसतो. त्याच्या खांद्यांवर पांढरं कापड टाकतात. बाबांचा शिष्य त्यांना टॉवेल देतो आणि बाबा तोंड पुसतात. मग वीतभर पितळी नळी गाठीवर टेकवून तिला तोंड लावतात, गाल आत ओढतात आणि डोळे पांढरे करतात. मिनिटभर असं झालं की नळी बाजूला करून स्टीलच्या वाटीत थुंकतात. वाटीत बोटाच्या पेराएवढं, काळंतांबडं, केसाळ असं काहीतरी पडतं. शिष्य ती वाटी रांगेतून फिरवतो. माणसं वाकून बघतात, दचकून मागे होतात आणि हात जोडतात.

“रोग म्हणजे झाड,” बाबा सांगत होते. “डॉक्टर फांद्या छाटतात, मी मूळ काढतो. मुळाला लोखंड लावू नका. लोखंड लागलं की मूळ चवताळतं आणि अंगभर पळतं. आणि शंका घेऊ नका. शंकेनं मूळ तुटतं, अर्धं आत राहतं.”

हे शेवटचं वाक्य त्या माणसाची खरी कमाई आहे. रोगी बरा झाला तर बाबांनी केला. मेला तर त्यानं, नाहीतर त्याच्या घरच्यांनी, शंका घेतली. मला ही युक्ती आधी सुचली असती, तर वाकड्या कापल्या गेलेल्या केसांचा दोष मी गिऱ्हाइकाच्या हललेल्या मानेवर ढकलला असता.

माझं केस कापायचं दुकान आहे. त्या दिवशी मी हॉलमध्ये बसलो होतो तो पोस्टमनकाकांच्या शेजारी. त्यांचा नंबर एकतीस होता. चाळीस वर्षं उन्हातून सायकलवर टपाल वाटून निवृत्त झालेला माणूस. त्यांच्या टकलावर, बरोबर मधोमध, एक गुलाबी-जांभळी, चकचकीत गाठ होती. पाच आठवड्यांपूर्वी मी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा ती वाटाण्याएवढी होती. आता द्राक्षाएवढी झाली होती. दुखत नव्हती, खाजत नव्हती. म्हणूनच काका निर्धास्त होते आणि म्हणूनच मला झोप नव्हती. त्यांना इथून उठवून इस्पितळात न्यायचं एवढंच माझं काम होतं. माझ्या मांडीवर माझी अवजारांची पेटी होती. ती कशासाठी आणली, हे काकांनाही ठाऊक नव्हतं.

ते ठाऊक व्हायला थोडं मागे जायला हवं.

आमच्या दुकानात पडद्याच्या पुढे पुरुषांसाठी मी आणि पडद्यामागे बायकांसाठी माझी बायको, अशी सव्वीस वर्षं गेली. बायको पडद्यामागून माझ्या गिऱ्हाइकांना उत्तरं द्यायची. कुणी तासभर राजकारण सांगू लागला की तिकडून आवाज यायचा, “अहो, त्यांची दाढी परत वाढली बघा.”

तिचे केस मीच कापायचो, दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी. एकदा असाच कापत असताना डाव्या बाजूला, भांगाच्या जरा मागे, मला जांभळा डाग दिसला. शर्टाच्या बटणाएवढा. मी म्हणालो, कपाटाचं दार लागलं असेल, मुका मार आहे. ती म्हणाली, “लागलं असतं तर मी ओरडले नसते का? तुम्हाला बस थांब्यावर ऐकू गेलं असतं.”

मुका मार कसा जातो ते मला शिकवायला नको. जांभळ्याचा हिरवट होतो, हिरवटाचा पिवळा होतो, आणि दोन-तीन आठवड्यांत मागमूस राहत नाही. आयुष्यात हजारो डोकी हाताखालून गेली आहेत. हा डाग तीन आठवड्यांनी जांभळाच होता. महिन्याने दुप्पट झाला. त्याला धड कडाही नव्हती. टिपकागदावर शाई फुटावी तसा तो केसांखालून पसरत होता. आणि मी रोज कपाटाच्या दारालाच दोष देत होतो. दाराला कापूससुद्धा लावला होता.

शेवटी तीच मला घेऊन इस्पितळात गेली. कातडीच्या विभागात एक डॉक्टरबाई होत्या. त्यांनी केस बाजूला करून भिंगाच्या दिव्याखाली डाग पाहिला, बोटांनी कडेकडेने दाबला, मग मानेतल्या गाठी चाचपल्या. त्यांनी सांगितलं ते असं. डोक्याच्या कातडीचे काही कॅन्सर फार क्वचित होतात, पण होतात तेव्हा साध्या वेशात येतात. कुठला मुक्या मारासारखा दिसतो, कुठला पुटकुळीसारखा. केसांत लपतात, दुखत नाहीत, म्हणून माणूस थांबतो. आणि ते थांबत नाहीत. नुसत्या डोळ्यांनी बघून डॉक्टरलाही खात्री देता येत नाही. छोटा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा, दुसरा उपाय नाही. जागा बधिर करतात, दोन टाके पडतात. चार दिवसांनंतरची तारीख त्यांनी दिली.

ते चार दिवस मी दुकान बंद ठेवायला हवं होतं. केस कापायच्या खुर्चीत बसून लोक जगातल्या सगळ्या रोगांवर इलाज सांगतात. एक म्हणाला, तुकडा काढला की रोग खवळतो, माझ्या आत्याचं तेच झालं. दुसऱ्यानं मूळबाबांचं नाव घेतलं. तिसऱ्यानं पत्ता दिला. चौथ्या दिवशी मी डॉक्टरबाईंची तारीख रद्द केली. मी केली. बायकोनं नाही. ती म्हणाली, “तुम्हाला एवढं वाटतंय तर चला.” ती माझ्यासाठी आली, तिच्या डोक्यासाठी नाही.

तिथे शिष्य म्हणून जो माणूस टॉवेल घेऊन उभा होता, त्याला मी ओळखत होतो. पन्नाशीचा, नेहमी खाकी पिशवी खांद्याला. दर सोमवारी तो आमच्या दुकानात यायचा आणि झाडून गोळा केलेले केस घेऊन जायचा. रोपवाटिकेत खताला लागतात म्हणायचा. “लांब असतील ते वेगळे ठेवत जा हं वहिनी,” असं माझ्या बायकोला सांगून जायचा, आणि ती ठेवायची. आम्ही त्याला पिशवीवाला म्हणायचो. त्याला तिथे बघून मला संशय यायला हवा होता. मला आनंद झाला. ओळखीमुळे आमचा नंबर लवकर लागला.

सात आठवड्यांत चार वेळा गेलो. दुसऱ्या खेपेला वाटी आमच्यापुढे आली तेव्हा बायको बराच वेळ आत बघत राहिली. जिना उतरून रस्त्याला लागल्यावर म्हणाली, “अहो, त्यात बाईंचा रंग होता.”

मोठ्या बाई म्हणजे आमच्या इथल्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांच्या केसांचा रंग बाजारात मिळत नाही. दोन भाग गडद तपकिरी, एक भाग तांबडा आणि चमचाभर कडक कॉफीचं पाणी. हे मिश्रण माझ्या बायकोनं त्यांच्यासाठी जमवलं होतं आणि वहीत लिहून ठेवलं होतं. गावात दुसऱ्या कुठल्याही डोक्यावर तो रंग नव्हता.

मी तिच्यावर चिडलो. म्हणालो, तुला सगळीकडे दुकानच दिसतं. रक्ताचा रंग आहे तो. शंका घेऊ नकोस, अर्धं आत राहील.

“बरं,” ती म्हणाली. “नाही घेत.”



चौथ्या खेपेनंतर त्या जागेतून रक्त यायला लागलं आणि थांबेना. तोवर डाग माझ्या तळहाताएवढा झाला होता आणि त्यात गाठी आल्या होत्या. तेव्हा कुठे तुकडा काढला गेला. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरातून होणारा कॅन्सर निघाला. दुर्मीळ आणि झपाट्याने पसरणारा. शस्त्रक्रियेनं सगळा निघण्याच्या पलीकडे गेला होता. उपचार झाले. आठ महिने मिळाले, त्यातले तीन बरे गेले.

नंतर एकदा मी डॉक्टरबाईंना विचारलं, की त्या सात आठवड्यांनी काही फरक पडला असता का. त्यांनी माझी समजूत काढली नाही. म्हणाल्या, हा रोग वाईट आहे, वाचल्याच असत्या असं मी म्हणणार नाही. पण लहान असताना काढता आला असता, आणि अशा रोगात सात आठवडे फार असतात. मला खोटा धीर न देणारी तेवढी एकच व्यक्ती भेटली. बायकोनं स्वतः, अगदी शेवटपर्यंत, मी सांगितलं होतं असं एकदाही म्हटलं नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं.

ती गेल्यावर पडद्यामागचं काम मीच करू लागलो. वही बघून रंग कालवतो. पिशवीवाला दर सोमवारी येत राहिला आणि मी त्याला केस देत राहिलो. माझ्या डोक्याला गंज चढला होता तो काही एका दिवसात उतरला नाही.

मग पोस्टमनकाकांच्या डोक्यावर ती गाठ दिसली. त्यांच्या टकलाभोवती केसांची झालर आहे, ती ते दर पंधरा दिवसांनी नीट करून घेतात. पहिल्यांदा मी म्हणालो, डॉक्टरला दाखवा. दुसऱ्यांदा ती वाढली होती, मी जोरात म्हणालो. तिसऱ्यांदा त्यांनी मला गप्प केलं. म्हणाले, रविवारचा मूळबाबांचा नंबर मिळालाय. तुकडाबिकडा काढायचा नाही, लोखंड लावायचं नाही. “तुमच्या घरी इस्पितळात नेऊन काय झालं ते बघितलंय की आम्ही.”

नवीन पातं काढायला मी खण उघडला, तर पात्यांच्या मागे एक डबी होती. मूळबाबा प्रत्येकाचं मूळ अशा डबीत घालून द्यायचे. वाहत्या पाण्यात सोडा, उघडू नका, उघडलं की परत रुजतं, असं बजावून. चौथ्या खेपेची डबी पाण्यात सोडायची माझ्याकडून राहून गेली होती, कारण त्याच दिवशी रक्त यायला लागलं होतं.

काका गेल्यावर मी दाराला आतून कडी घातली, डबी उघडली, आणि मला येतं तेच काम केलं. ते वाळलेलं मूळ मी कोमट पाण्यात भिजवलं, शाम्पू लावला, चोळलं, पुन्हा धुतलं. आधी तांबडा रंग निघाला, मग डिंक सुटला. उरलेलं पांढऱ्या टॉवेलवर ठेवून बारीक कंगव्यानं विंचरलं. एक राठ पांढरा केस. एका लहान मुलाचे तीन-चार मऊ केस. आणि बोटभर लांबीचे सहा केस, खिडकीच्या उजेडात कॉफीसारखे तांबूस.

बाईंचा रंग.

मी एक केस दोन बोटांत धरला. उपटलेल्या केसाच्या एका टोकाला बारीक पांढरा ठिपका असतो. ते केसाचं मूळ. या केसाला दोन्ही टोकांना काही नव्हतं. सरळ, बोथट कापलेला. सगळे तसेच. माझ्या बायकोच्या डोक्यातून काढलेल्या त्या मुळाला मूळच नव्हतं. ते कात्रीचं काम होतं, आमच्याच दुकानातल्या. सव्वीस वर्षं केस कापून पोट भरलं आणि कापलेला केस मला ओळखता आला नाही. तिनं पाण्यात भिजलेला, रंगात बुडवलेला, तीन हातांवरून ओळखला होता.

तर त्यासाठी मी रविवारी काकांच्या शेजारी पेटी घेऊन बसलो होतो.

एकतीसचा पुकारा झाला. काका स्टुलावर बसले, कापड टाकलं गेलं. मी सोबतीचा माणूस म्हणून तीन पावलांवर उभा राहिलो. यावेळी मी गाठीकडे बघितलं नाही, टॉवेलकडे बघितलं. माणसांची तोंडं पुसण्यावर माझं पोट आहे. घाम नसताना पुसलेलं तोंड मला कळतं. बाबांचा चेहरा कोरडा होता. त्यांनी टॉवेल गालावरून नाही, ओठांवरून फिरवला, आणि टॉवेल खाली आला तेव्हा त्यांचा डावा गाल किंचित भरलेला होता. थुंकल्यानंतर, म्हणजे माणसाला खरोखर तोंड पुसावंसं वाटतं तेव्हा, त्यांनी टॉवेल मागितलाच नाही.

वाटीत मूळ पडलं. केसाळ, भरघोस. हॉलमधून हुंकार उठला.

मी नम्रपणे विचारलं, की काकांच्या डोक्यावर वरच्या बाजूला तीस वर्षं एक केस नाही, मग एवढे केस आले कुठून?

बाबा गडबडले नाहीत. असल्या माणसाला लाज नसते, त्यामुळे उत्तराला वेळ लागत नाही. म्हणाले, “जे वर यायचे ते आत गेले. म्हणून तर टक्कल पडलं.”

लोकांनी माना डोलावल्या. मागे उभ्या असलेल्या एका टकल्या गृहस्थानं घाबरून स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवला. हे लोक मूर्ख नव्हेत. त्यांच्यात हिशेब तपासणारे आहेत, यंत्रं दुरुस्त करणारे आहेत, बाजारात टोमॅटो दाबून बघणारे तर सगळेच आहेत. फक्त त्या जिन्यावर चढताना प्रत्येकानं आपली अक्कल चपलांसोबत खाली काढून ठेवली होती. हे मी तुच्छतेनं म्हणतो, आणि त्यात मी चार वेळा चढलो तो जिना धरूनच म्हणतो.

मी वाटी उचलली आणि पेटी उघडली. शाम्पूची बाटली, पाण्याचा तांब्या, कंगवा आणि पांढरा टॉवेल काढला. पिशवीवाला मला अडवायला पुढे आला. तेवढ्यात पहिल्या रांगेतून मोठ्या बाई उभ्या राहिल्या. त्या मानेवरच्या चामखिळीसाठी तिसऱ्यांदा आल्या होत्या आणि बाबांवर त्यांचा पूर्ण विश्वास होता.

“त्यांना धुऊ द्या,” त्या म्हणाल्या. “खरं असेल तर धुतल्यानं खोटं होणार नाही.”

त्यांच्यापुढे पिशवीवाला थांबला. तोही त्यांच्याच शाळेत शिकलेला होता.

मी धुतलं. तांब्यातलं पाणी तांबडं झालं, रक्तासारखं नाही, स्वस्त रंगासारखं. केस टॉवेलवर पसरले. मग कुणीतरी स्वतःचा एक केस उपटून द्या म्हणालो. तिसऱ्या रांगेतल्या एका बाईनं दिला. तो बाजूला ठेवला आणि काकांना म्हणालो, तुमचं भिंग काढा.

काकांच्या खिशात अजून ते जुनं भिंग असतं. पुसट पत्ते वाचायला टपालखात्यात घेतलेलं. पांढरं कापड अंगावर तसंच ठेवून ते स्टुलावरून उठले आणि वाकले. आधी उपटलेला केस पाहिला, त्याच्या टोकाचा पांढरा ठिपका पाहिला. मग वाटीतले केस एकेक करून पाहिले. घाई केली नाही. चाळीस वर्षं त्यांनी चुकीच्या दारात पत्र टाकलं नव्हतं.

“याला घेणाऱ्याचाही पत्ता नाही आणि पाठवणाऱ्याचाही नाही,” ते सावकाश म्हणाले. “दोन्हीकडून कापलेत.”

मोठ्या बाई जवळ आल्या. त्यांनी टॉवेलवरचा एक केस उचलला, आपल्या खांद्यावरची बट पुढे घेतली आणि दोन्ही शेजारी धरलं. हॉलमध्ये खालच्या यंत्राची धडधड तेवढी चालू होती.

“हा माझा केस आहे,” त्या बाबांकडे वळून म्हणाल्या. “मागच्या आठवड्यात यांच्या दुकानात कापलेला. तो या गृहस्थांच्या डोक्यात कसा गेला?”

बाबा म्हणाले, शंका घेतली की असंच दिसतं.

“मी शंका घेतलेली नाही. प्रश्न विचारला आहे. उत्तर द्या.”

उत्तर मी दिलं. पाठ वळवून मी पेटीतल्या दुसऱ्या टॉवेलनं तोंड पुसलं, बाबांची नळी घेतली, रिकाम्या स्टुलाच्या प्लास्टिकवर टेकवली, गाल आत ओढले आणि वाटीत थुंकलो. घरी डिंकात वळलेली, माझ्याच केसांची गोळी वाटीत पडली. बाबांचं पाहून केली होती, त्यामुळे जरा बेढब होती.

“स्टुलालाही रोग होता,” मी म्हणालो. “बरा झाला.”

आधी एकच माणूस हसला. मग दहा हसले. पिशवीवाल्यानं टॉवेल पाठीमागे नेला, पण त्या तिसऱ्या रांगेतल्या बाईनं तो ओढला. त्याच्या दुमडीतून दोन तयार मुळं जमिनीवर पडली. बत्तीस आणि तेहतीस नंबरची. त्या दोघांनी खाली बघितलं. आपला रोग आपल्या आधीच तयार होऊन आलेला बघायला मिळणं ही तशी दुर्मीळ गोष्ट आहे.

बाबांच्या पोटात एकदम कळ आली. ते आतल्या खोलीत गेले आणि मागच्या जिन्यानं उतरले. पिशवी तेवढी राहिली. तीत माझ्या दुकानातले केस होते, लांब वेगळे आणि आखूड वेगळे.

गोष्ट इथे संपली असती तर ऐकायला बरी वाटली असती. पण वीस-पंचवीस माणसं तशीच बसून राहिली आणि बाबा पुन्हा कधी बसणार म्हणून विचारू लागली. एकजण मला म्हणाला, स्वतःची बायको गेली म्हणून दुसऱ्यांचं बरं बघवत नाही. बाबा आता दुसरीकडे बसतात म्हणे. वाटी नवी आहे.

काका जिन्यात मधल्या पायरीवर थांबले. खांद्यावरचं कापड काढायचं राहून गेलं होतं, ते त्यांनी घडी करून कठड्यावर ठेवलं. ते संतापलेले नव्हते, ओशाळलेले होते, आणि माणूस ओशाळला की हट्टाला पेटतो हे मला स्वतःवरून माहीत आहे.

“तो लबाड आहे, मान्य,” ते म्हणाले. “पण लोखंडाचं काय? लोखंड लागलं की खवळतं, हे काही तो एकटाच सांगत नाही.”

“काका, वीस वर्षं दर पंधरा दिवसांनी मी तुमच्या डोक्याला काय लावतोय?”

मग त्यांचा हात आपोआप मानेवरच्या झालरीकडे गेला, जिथे मी वस्तरा फिरवतो.

“इस्पितळ उद्या किती वाजता उघडतं?” त्यांनी विचारलं.

डॉक्टरबाईंनी गाठ पाहिली, मान चाचपली, काका उन्हात किती वर्षं होते ते विचारलं आणि तिथल्या तिथे तुकडा काढला. वीस मिनिटं लागली. काका मला म्हणाले, तुमच्या वस्तऱ्यापेक्षा हलका हात आहे. आठवड्यानं निकाल आला. हाही दुर्मीळ आणि आडदांड जातीचा कॅन्सर होता, मर्केल नावाच्या पेशींचा. म्हाताऱ्या, उन्हात रापलेल्या डोक्यांवर येणारा, न दुखणारा आणि आठवड्यांच्या हिशेबानं वाढणारा. गाठ भोवतीच्या कातडीसकट काढली. रोग पसरला तर आधी जिथे पोचतो ती मानेतली पहिली गाठ तपासली, ती स्वच्छ निघाली. मग किरणांचे उपचार झाले. याला आता दीड वर्ष झालं. डॉक्टरबाई अजूनही बरे झालात असं म्हणत नाहीत, तीन महिन्यांनी या असं म्हणतात. काका जातात. डोक्यावर चंद्रकोरीसारखा व्रण आहे, त्याला ते टपालाचा शिक्का म्हणतात.

मला शिकवता येत नाही, पण एवढं सांगतो. डोक्यावरचा मुका मार तीन आठवड्यांत गेला नाही, तर तो मुका मार नाही. गाठ दुखत नाही म्हणून ती भली होत नाही. महिन्यात वाढलेली कुठलीही गोष्ट डॉक्टरला दाखवा, आणि तुकडा काढायला सांगितलं तर काढू द्या. तुकड्यानं रोग पसरत नाही, थांबल्यानं पसरतो. आपलं डोकं आपल्याला दिसत नाही, म्हणून ते दुसऱ्यानं बघायला हवं. घरच्यांनी बघा. माझ्या धंद्यातल्या लोकांनी तर बघायलाच हवं, आपल्याइतकी डोकी दुसरं कोण बघतं? आणि कुणी रोगाचं मूळ काढून हातावर ठेवलं, तर ते धुवा आणि विंचरा. खरं असेल ते पाण्यानं धुऊन जात नाही.

मोठ्या बाई महिन्यातून एकदा येतात. मी वही उघडतो, दोन भाग, एक भाग, चमचाभर कॉफीचं पाणी. अक्षर तिचं आहे. परवा त्या आरशात बघून म्हणाल्या, या वेळी तांबडा जरा जास्त झालाय.

पूर्वी मी म्हणालो असतो, उजेडाचा भास आहे. मी कंगवा खाली ठेवला, त्यांना खिडकीशी नेलं आणि बट उजेडात धरून बघितली.

त्यांचं बरोबर होतं.